पगार दिसतो, झोप दिसत नाही : पायलट, युनियन आणि मॅनेजमेंटवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की पायलट किती तास उडतो त्यापेक्षा तो किती तास जागा असतो ते बघा, त्यावर बऱ्याच जणांनी प्रश्न पाठवलेत. त्यातले पाच घेतेय. मी एअरलाइनच्या रोस्टरच्या टेबलावर काम केलेलं आहे, कोणाला कुठल्या ड्यूटीला लावायचं ते ठरवायचं काम, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उत्तरांत दिसेलच आणि तो मी लपवत नाहीये.

ताई, मी टेल्कोतून, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समधून, रिटायर झालोय. ८९ चा संप, शनिवारवाड्यावरचं उपोषण सगळं आतून बघितलंय. आमचे पगार काय होते तेव्हा! आणि आता हे पायलट महिन्याला लाखांनी घेतात तरी ह्यांना युनियन पाहिजे, सगळे मिळून आजारी पडायचं आणि विमानं थांबवायची. ह्याला कामगार चळवळ म्हणायची का?
— एक वाचक, चिंचवड

काका, तुम्ही टेल्कोचा विषय काढलात म्हणून तिथूनच सुरू करते. तुमच्या त्या लढ्यात नुसता पगाराचा मुद्दा नव्हता ना, कामगारांच्या वतीने बोलणार कोण, मॅनेजमेंटला चालणारी युनियन की कामगारांनी मानलेली, ह्यावरूनच तर सगळं पेटलं होतं. आता सप्टेंबर २००९ मधलं जेट एअरवेजचं प्रकरण आठवा. पायलटांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड नावाची संघटना काढली, कंपनीने त्यातल्या काही पायलटांना काढून टाकलं आणि मग शेकडो पायलट एकदम सिक लीव्हवर गेले, पाचेक दिवस विमानांचा खोळंबा झाला आणि शेवटी काढलेल्यांना परत घ्यावं लागलं. मागणी पगारवाढीची नव्हतीच, आम्हाला संघटना करू द्या एवढंच म्हणणं होतं.

पगाराचंही सांगते. कॅप्टन चांगलं कमावतो, त्यात वाद नाही. पण तो आकडा पूर्ण हातात येईलच असं नसतं, कारण पगाराचा मोठा भाग उडलेल्या तासांवर असतो आणि ठराविक तासांचे पैसे तेवढे फिक्स मिळतात. एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा एअरलाइनचे पायलट नाराज झाले ते ह्याच्यावरूनच, आधी ७० तासांचे पैसे फिक्स होते, एअर इंडियात विलीनीकरणाच्या आधी जो नवा करार पुढे ठेवला त्यात ४० तासांचे. म्हणजे विमान उभं राहिलं, मार्ग बंद झाला, सीझन मंद गेला तर झळ पायलटाला. आणि नवीन को-पायलटच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असतं, ते ५० लाखांच्या पुढेच जातं, बापाने जमीन नाहीतर फ्लॅट गहाण ठेवलेला असतो. अशा मुलाला "मी आज थकलोय, उडणार नाही" म्हणायला एकट्याला जमत नाही हो. मी टेबलाच्या ह्या बाजूने ऐकलेत ते फोन, आवाजावरून कळतं माणूस झोपलेला नाहीये, पण तो म्हणतो ठीक आहे मॅडम, येतो. युनियन पाहिजे ती त्याच्यासाठी.

सगळे मिळून आजारी पडण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूची आहे, मला तो मार्ग अजिबात पटत नाही. तो का वापरला जातो ते समजतं. रीतसर संपाला १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते, समेटाची बोलणी सुरू झाली की संप करता येत नाही आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तर निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल लीव्ह घेतली तरी तो संपच धरतात. पण आजारपण हे हत्यार केलं की उद्या खरोखर ताप असलेल्या, खरोखर थकलेल्या पायलटावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि विमानात ते फार महागात पडतं.

ताई, माझी मुलगी अमेरिकेत एका रीजनल एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, आहे, जावईही तिकडेच. परवा म्हणाली आमच्या युनियनने मतदान घेतलं, जवळजवळ सगळ्यांनी संपाला हो म्हटलंय. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. संप कधी होणार? तिची नोकरी जाईल का? आणि विमानावर नाव एवढ्या मोठ्या कंपनीचं आहे तर ती कंपनी ह्यांना पगार वाढवून का देत नाही?
— एक आई, कोथरूड

आधी घोर कमी करा. तिकडे मतदान म्हणजे संप नव्हे. अमेरिकेत विमान कंपन्यांना रेल्वेचा कायदा लागू आहे, रेल्वे लेबर अॅक्ट, १९२६ चा, त्यात १९३६ मध्ये एअरलाइन्स घातल्या. ह्या कायद्यात कराराची मुदत संपली म्हणून करार संपत नाही, फक्त तो बदलायला खुला होतो, तोपर्यंत जुनाच पगार आणि जुनेच नियम चालू राहतात. मग वाटाघाटी, त्या अडल्या की नॅशनल मीडिएशन बोर्डाचा मध्यस्थ, तो किती महिने बसवून ठेवेल त्याला धरबंध नाही, वर्षंसुद्धा जातात. बोर्डाला वाटलं की आता काही होत नाही तर ते लवाद सुचवतं, दोघांपैकी कोणी नाही म्हटलं तर दोघांना मध्यस्थीतून मोकळं करतं आणि तिथून ३० दिवसांचा थंड होण्याचा काळ सुरू होतो. तो संपला की मगच संप, आणि त्यातही राष्ट्राध्यक्ष मध्ये पडून आणीबाणी मंडळ नेमू शकतात. तेव्हा मुलीला एवढंच विचारा की बोर्डाने मोकळं केलंय का. नसेल तर हे मतदान म्हणजे बोलणी करणाऱ्यांच्या हातात दिलेली ताकद आहे, सगळ्या युनियन घेतात आणि बहुतेक वेळा निकाल प्रचंड बहुमताचाच येतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, खरी गोम तिथेच आहे. मुलीच्या विमानावर ज्या कंपनीचा रंग आहे ती तिची कंपनी नाही. मोठी कंपनी तिकीट विकते, वेळापत्रक ठरवते, इंधनाचा खर्च बहुतेक तीच उचलते, आणि रीजनल कंपनी विमान उडवून देते, पायलट आणि क्रू तिचा, त्याबद्दल ठरलेले पैसे मिळतात. आपल्याकडे चाकणला मोठ्या गाड्यांच्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या व्हेंडरचं असतं तसंच, रेट वरून आलेला, कामगाराने पगारवाढ मागितली की मालक म्हणतो अरे मलाच वरून वाढवून मिळत नाही तर तुला कुठून देऊ. आणि तो अगदीच खोटं बोलत नसतो! म्हणून तिकडे युनियन ज्या मॅनेजमेंटसमोर बसते तिच्या हातात तिजोरीची किल्लीच नसते आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते त्या खोलीत नसतात.

त्यात आणखी एक वाईट गोष्ट चालते. एकाच मोठ्या कंपनीसाठी चार-पाच रीजनल कंपन्या उडतात आणि काम कोणाला द्यायचं हे स्वस्त कोण त्यावर ठरतं. काही तर मोठ्या कंपनीच्या पूर्ण मालकीच्या असतात, अमेरिकनच्या एन्व्हॉय, पीएसए, पीडमाँट, डेल्टाची एंडेव्हर, तरी वेगवेगळ्या ठेवतात. २०१४ मध्ये एन्व्हॉयच्या पायलटांनी सवलती मागणारा करार मतदानात फेटाळला तर अमेरिकनने नव्या एम्ब्रेअर विमानांचं काम दुसऱ्या रीजनल कंपनीला दिलं. तुम्ही कमी घ्या नाहीतर विमानं दुसरीकडे जातील, ही धमकी तिथल्या प्रत्येक रीजनल पायलटाने कधी ना कधी ऐकलेली असते. मला ह्या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त चीड ह्याचीच येते, कारण इथे एका कंपनीच्या आणि दुसऱ्या कंपनीच्या कामगारांना एकमेकांचा पगार कमी करायला लावतात.

आणि भांडण फक्त मॅनेजमेंटशीही नाही. मोठ्या कंपनीच्या पायलटांच्या करारात स्कोप म्हणून कलम असतं, रीजनलला किती मोठं विमान उडवायला द्यायचं त्याची मर्यादा, साधारण ७६ सीट आणि ८६ हजार पौंड वजन. मोठ्या पायलटांना भीती की त्यांचं काम स्वस्तात खाली जाईल, छोट्या पायलटांना वाटतं आम्हाला वाढू देत नाहीत, आणि कित्येकदा दोघंही एएलपीए (एअर लाइन पायलट्स असोसिएशन) ह्या एकाच युनियनचे सभासद! युनियनच्या पोटातच हा ताण आहे. सगळ्यात मोठी रीजनल कंपनी स्कायवेस्ट, तिथे तर बाहेरची युनियन नाहीच, कंपनीच्या आतलीच पायलटांची असोसिएशन बोलणी करते.

संप झाला तर काय होतं त्याचं उदाहरण कॉमएअरचं आहे, डेल्टाच्या मालकीची रीजनल कंपनी, सिनसिनाटीची. २६ मार्च २००१ ला साधारण १,३५० पायलट बाहेर पडले आणि ८९ दिवस बाहेर राहिले. त्यांच्या मागण्यांत पगार होता तशीच विश्रांती होती, रिटायरमेंटची तरतूद होती. करार चांगला मिळाला. पण कंपनी पुढे आकसत गेली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये बंद झाली, महागडी ठरलेली कंपनी डेल्टाला नको होती. संपामुळेच बंद पडली असं मी म्हणणार नाही, ५० सीटची छोटी जेट विमानं इंधन महागल्यावर कोणालाच परवडेनात हेही तितकंच खरं, पण तुमच्यापासून हा भाग लपवणं बरोबर नाही.

नोकरीचं विचारलंत. कायदेशीर संपात गेली म्हणून तिला काढून टाकता येत नाही, मात्र तिच्या जागी कायमचा माणूस भरण्याची मुभा कंपनीला त्या कायद्यात आहे, म्हणून युनियन आधीच फंड, सल्ला, सगळी तयारी करते. तिला माझ्यातर्फे विचारा, घर कुठे आणि बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर, कुठे? कारण मला काळजी संपापेक्षा त्याची जास्त वाटते. तिकडे पायलटला पैसे सुरू होतात ते विमान गेटवरून हललं की, विमानतळावर बसून काढलेले तास जवळजवळ फुकटच जातात, आणि बेसच्या शहरात भाडं परवडत नाही म्हणून पोरं हजार-दीड हजार मैल लांब राहतात आणि ड्यूटीच्या आधी दुसऱ्या विमानात बसून येतात. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, जमिनीवरचा एक धरून ५० माणसं गेली. त्यातली फर्स्ट ऑफिसर सिअॅटलहून रात्रभर मालवाहू विमानांनी प्रवास करून नेवार्कला ड्यूटीवर आली होती, आणि तिचा वर्षाचा पगार १६ हजार डॉलरच्या आसपास असल्याचं सुनावणीत आलं तेव्हा अमेरिकेत लोकांना धक्का बसला. विमानाने कमी वेगाचा इशारा दिला तेव्हा कॅप्टनने उलटी हालचाल केली हे अपघाताचं कारण होतं, पण थकव्याने दोघांच्या कामावर परिणाम झाला असावा असंही तपासात नोंदलंय. तिकिटावर नाव मात्र कॉन्टिनेंटलचं होतं.

त्या ५० जणांच्या घरच्यांनी वॉशिंग्टनला खेटे घालून कायदा बदलून घेतला. २०१३ पासून को-पायलटलाही साधारण १,५०० तासांचा अनुभव लागायला लागला, जानेवारी २०१४ पासून ड्यूटीच्या आधी किमान १० तास विश्रांती. मग पायलट कमी पडायला लागले आणि एकेकाळी तासाला वीस-पंचवीस डॉलरवर सुरुवात करणाऱ्या रीजनल पायलटला २०२२ मध्ये अमेरिकनच्या तिन्ही रीजनल कंपन्यांनी पहिल्या वर्षी तासाला ९० डॉलर देऊ केले. तुमची मुलगी आज बरी कमावत असेल तर त्यामागे हे सगळं आहे. युनियनने मागून मागून जे मिळालं नाही ते माणसांची टंचाई आल्यावर मिळालं. आता टंचाई ओसरली तर ते टिकणार का, म्हणून हे मतदान.

गणपतीत पुण्याहून सिंधुदुर्गला छोट्या पंख्याच्या विमानाने जायचा विचार आहे. अशा छोट्या कंपनीचे पायलट कमी शिकलेले असतात असं कोणीतरी म्हणालं. खरं का?
— सिंहगड रोडवरून

खोटं. लायसन्स तेच, नियम बघणारं सरकारी खातं म्हणजे डीजीसीए तेच, मेडिकल तेच. ते विमान एटीआर-७२, सत्तरेक सीटचं, जगभर चालतं. फरक एवढाच की छोट्या मार्गावर पायलटला एका दिवसात जास्त लँडिंग करावी लागतात, डोंगर आणि पाऊस असलेल्या छोट्या विमानतळांवर, म्हणजे दमणूक जास्त. बिनधास्त जा आणि पावसामुळे उशीर झाला तर काउंटरवरच्या पोरीवर ओरडू नका.

मागच्या डिसेंबरमध्ये देशभर विमानं रद्द झाली, लोहगावला माणसं बॅगा घेऊन जमिनीवर झोपली होती. आमच्या सोसायटीत सगळ्यांचं मत की पायलटांनी आतून संप केला. तुम्हाला काय वाटतं?
— विमाननगर

मला वाटायचा प्रश्नच नाही, तारखा बघा. पायलटांच्या ड्यूटीचे नवे नियम डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्र धरायची ती १२ ते ५ ऐवजी १२ ते ६, आणि रात्रीच्या ड्यूटीत लँडिंग सहावरून दोनवर. जून २०२४ पासून लागू होणार होते, कंपन्यांनी नको नको केलं म्हणून पुढे गेले, पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या तेव्हा कुठे १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत आले. म्हणजे तयारीला जवळजवळ दोन वर्षं होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचं रोस्टर कोसळलं, ५ तारखेला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली, आणि हो, नवे नियम धरून किती पायलट लागतील त्याचं नियोजन चुकलं हे खुद्द कंपनीनेच डीजीसीएकडे मान्य केलं. त्याच नियमांत बाकीच्या कंपन्या बऱ्यापैकी उडत होत्या.

पुढे जे झालं त्याने मला जास्त वाईट वाटलं. गोंधळ निस्तरायला डीजीसीएने रात्रीच्या नियमांतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. प्रवाशांची अडचण खरी होती, सरकारला दुसरा रस्ता दिसला नसेल, वेळापत्रकही १० टक्के कापलं, पण शेवटी ज्याच्या झोपेसाठी नियम केला त्याचीच झोप सगळ्यात आधी कापली. रोस्टर बनवताना पहाटे चारचं लँडिंग कागदावर एक चौकोन असतो, कॉकपिटमध्ये ती शरीराची सगळ्यात मंद वेळ असते. सोसायटीत हे सांगा प्लीज, कारण पायलट मुजोर झालेत असं एकदा लोकांच्या मनात बसलं की पुढच्या वेळी हे नियम ढिले करायला कोणाला काहीच कष्ट पडणार नाहीत.

ताई, मी बारामतीला फ्लाइंग करतोय, २०० तास होत आले. एका छोट्या एअरलाइनमध्ये सीनियर लागलाय, तो म्हणतो बॉण्डवर सही कर, युनियनच्या भानगडीत पडू नकोस. काय करू?
— एक विद्यार्थी

अरे, आधी बॉण्ड पूर्ण वाच. टाइप रेटिंगचे, म्हणजे त्या ठराविक विमानाच्या ट्रेनिंगचे, पैसे कोण भरतंय, मध्येच सोडलं तर किती परत द्यायचे, ती रक्कम दर वर्षी कमी होते की शेवटपर्यंत तेवढीच, आणि कंपनीनेच विमानं कमी केली किंवा तुला घरी बसवलं तर बॉण्डचं काय होतं. हा शेवटचा मुद्दा बऱ्याच कागदांत नसतोच, लेखी मागून घे. छोट्या कंपन्या बंद पडतात, किंगफिशर आणि जेटसारख्या मोठ्याही पडल्या, आणि तेव्हा पगार थकलेले पायलट अनुभवाच्या सर्टिफिकेटसाठी दारोदार फिरले. पगाराचे फिक्स तास किती, स्टँडबायचे, म्हणजे बोलावतील म्हणून तयार बसण्याचे, पैसे आहेत का, तेही विचार.

नोटीस पिरियड लक्षात ठेव. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने को-पायलटला ६ महिने, कॅप्टनला १२ महिने. चांगली ऑफर आली तरी उद्या निघता येत नाही, म्हणून पहिली कंपनी निवडताना घाई नको. आणि त्याच नियमात पायलटांनी ठरवून विमानं रद्द करायला लावली तर ते जनहिताविरुद्ध धरतात, तेव्हा कोणाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या हाकेला उठून सिक कॉल करू नकोस.

युनियनचं म्हणशील तर सीनियर घाबरलेला आहे आणि त्याची भीती खोटी नाही, खाजगी कंपन्यांत संघटना काढणाऱ्यांना त्रास झालाय. पायलट हा कायद्याने कामगार की मॅनेजमेंटचा माणूस ह्यावर कोर्टात बरंच भांडण झालंय, दिल्ली हायकोर्टाने एका प्रकरणात तो वर्कमन ठरतो असं म्हटलंय, कारण त्याचं मुख्य काम विमान उडवण्याचं, तांत्रिक आहे. प्रोबेशनमध्ये पुढे पुढे करू नकोस हे मीही सांगेन. पण कन्फर्म झालास की फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स किंवा एएलपीए इंडिया अशा संघटनांची माहिती घे, सभासद हो, वर्गणी भर. आणि थकवा आला तर फटीग रिपोर्ट लेखी दे, तारीख, सेक्टर (कुठून कुठे उडालास), किती तास झोप झाली ते सगळं घालून, आणि त्याची कॉपी स्वतःच्या मेलवर ठेव. तोंडी सांगितलेलं रोस्टरच्या टेबलावर कुठेच नोंदलं जात नाही.